गाबा गेटवरच अडते

बद्दी (हिमाचल)
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

आईले रोशनचा जय भीम.

आताच फोन ठेवला अन् डोकं इतकं तापलं का लिहायलेच बसलो. तू फोनवर एक 'हं' म्हणते तं हो, दोन 'हं' म्हणते तं नाही. हे काय बोलणं झालं वं? जिच्या एका हाकेवर मनीषनगरच्या चौथ्या माळ्यावरच्या बाया थैली घेऊन खाली उतरत, ती माही आई आता तराजूवर वजन ठोकून ठोकून मेथी विकून राहिली, असं आपल्या लहानीनं, प्रीतीनं सांगतलं. मले मशीनले लात मारावी वाटली. मारली नाही. मशीन कंपनीची हाय.

वाचताना जबडा हलत नाही. म्हणून आजपासून मी पत्र लिहीन, अन् तू बी लिही. चौथी पास म्हणून लाजू नोको. मी नववी नापास हाय, आपलं बरोबर जमन.

अगोदर त्या बर्डीवरच्या दातवाल्याचं. एक दाढ उपटली, कळ तशीच. मंग दुसरी उपटली, कळ तशीच. तिसरी उपटताना तरी त्याले वाटायले पाहिजे होतं का नाही, की दुखणं दाढेत नाही, गालाच्या नसेत हाय? तीन चांगल्या दाढा गेल्या माह्या आईच्या. अन् गल्लीतल्या बाया म्हणतात, बायजाबाई भाव खाऊन राहिली, बोलत नाही. वारा लागला तं करंट, पाणी लागलं तं करंट, 'ओ' म्हटलं तं करंट. त्याहिले एक दिवस दे हा गाल भाड्यानं.

अन् बाबा. बुटीबोरीच्या गिरणीत मशीनचा आवाज ऐकू ऐकू बाबाचे कान गेले, पण 'मेंदूचा डॉक्टर' एवढे शब्द बरोबर ऐकू आले. म्हणे ही पागलाची गोळी. त्यासाठीच हे पत्र. बाबाले प्रीतीच्या तोंडून वाचून दाखव.

मी इथं गोळ्यांचे पत्ते, त्या चमकत्या पट्ट्या, बांधतो हे तुले माहीत हाय. मागल्या महिन्यात मशीनवर नवा रोल चढवला, त्याच्यावर नाव पाहिलं अन् थांबलोच. बॅक्लोफेन. प्रीतीनं तुह्या चिठ्ठीचा फोटो पाठवला होता, तेच नाव. म्हणजे तुही गोळी माह्या हातून जाते! कोणाले सांगू असं झालं. आमच्या लॅबमध्ये कामिनी मॅडम हाय, चंद्रपूरच्या. कॅन्टीनमध्ये त्यायले विचारलं, मॅडम, ही गोळी करते काय?

त्याहिनं सांगतलं ते असं. डाळ, अंडं, मासोळी, काही खाल्लं का पोटात त्याचे बारीक तुकडे होतात. त्या तुकड्याले अमिनो ॲसिड म्हणतात. ॲसिड म्हणजे संडास धुवायचं नाही, भिऊ नोको. त्यातले काही मांस बनवतात अन् काही नसांमधी निरोप्याचं काम करतात. एक हाय ग्लुटामेट. तो म्हणते, पळ, सांग, दुखलं, दुखलं. दुसरा हाय गाबा. ग्लुटामेटपासूनच बनते, पण स्वभाव उलटा. तो म्हणते, थांब. आमच्या मशीनले लाल बटन असते, दाबलं का सारं बंद. तसे बटन नसेवर बी हायेत, त्याले रिसेप्टर म्हणतात. गाबानं येऊन बटन दाबलं का नस गप्प होते, 'दुखलं'चा निरोप पुढं जातच नाही. तुह्या गालात पळणारे जास्त झाले, थांबवणारे पुरून नाही राहिले. तुही गोळी जाऊन तेच बटन दाबते. ती गाबाची सख्खी बहीण हाय, त्याच्यावरूनच बनवलेली.

म्हणून बाबाले सांग, पागलाची बिगलाची काही नाही. घरचीच वस्तू हाय.

मॅडम आणखी बी काही सांगून राहिल्या होत्या, गेटबिटचं, पण तेवढ्यात हूटर वाजला अन् मी पळालो. जेवढं महत्त्वाचं होतं तेवढं लिहिलं.

तुहा
रोशन


नागपूर
१८ ऑगस्ट

रोशन बाबू, जय भीम.

तुहं पत्र भेटलं. तीन वेळा वाचलं. अक्षर तुहं अजून बी मुंग्या चालल्यासारखं हाय, पण सारं समजलं. तुह्या बाबाले प्रीतीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणे, पोट्टा गोळ्या बांधायले गेला का डॉक्टर व्हायले? पण तवापासून पागलाची गोळी म्हणणं बंद झालं. आता सकाळी तेच विचारतात, घरची वस्तू घेतली का?

गोळीनं फरक हाय. परवा पोळी चावून खाल्ली, भिजवून नाही. पण झोप फार येते रे. दुपारी गाडी सावलीत लावली अन् टमाट्याच्या क्रेटवर डोकं कधी टेकलं समजलं नाही. एक बाई दोन कोथिंबिरीच्या जुड्या उचलून गेली, मी पाहून राहिली होती पण हात उठेना.

आणखी एक सांगतो. मधुकरराव सर आले होते. तुहे नववीचे. आता रिटायर झाले. मनीषनगरच्या हॉलमधी दर रविवारी आरोग्याची मिटिंग घेतात, बाया खूप जातात. मी बोलत नाही हे त्याहिले समजलं म्हणून विचारायले आले. मी तुहं पत्र पुढं केलं. त्याहिनं वाचलं, चष्मा पुसला, अन् परत वाचलं. म्हणे, बायजाबाई, रोशननं तर विज्ञान लिहिलं आहे हो.

मले रडू आलं. पण रडलं तरी गालात कळ येते, म्हणून रडली नाही.

पत्र त्याहिनं मागतलं, मी देल्लं. सर माणूस हाय, हरवणार नाही.

जेवत जाय. तिकडच्या थंडीचं सांगू नोको, स्वेटर घे.

तुही आई


बद्दी
रविवार, १ सप्टेंबर

आईले जय भीम.

सर खरंच 'विज्ञान' म्हणाले? कोणत्या तोंडानं म्हणाले? हेच सर हायेत ज्याहिनं मले साऱ्या वर्गासमोर म्हटलं होतं, रोशन, तुझ्या डोक्याला दार आहे पण ते आतून बंद आहे. पोट्टे हप्ताभर माह्या कपाळावर टकटक करत फिरत होते, कोणी हाय का घरात म्हणून. त्या वर्षी मी शाळा सोडली ते काही उगाच नाही सोडली. अन् आता चष्मा पुसतात!

पण खरं सांगू का, तुहं पत्र खिशात घालून दोन दिवस फिरलो. विक्की म्हणून आमचा सुपरवायझर हाय, नागपूरचाच, इंदोऱ्याचा, पण इथं आल्यापासून मराठी विसरला. तो मले 'ए हेल्पर' म्हणते. परवा म्हटला तं मी मनात म्हटलं, जा बे, माहं पत्र मास्तर लोक वाचून राहिले.

पत्र सराजवळच राहू दे. लोकाइले वाचू दे. ज्याले ज्याले घरचे लोक पागलाची गोळी म्हणून टोमणे हाणतात त्याले समजू दे.

झोपेचं गोळी लिहून देणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईले सांग. मनानं काही करू नोको. मी मॅडमले बी विचारीन, पण सध्या लॅबमधी तपासणी चालू हाय, त्या कॅन्टीनले येत नाही.

कोथिंबीरवालीचं नाव सांग फक्त.

तुहा
रोशन


नागपूर
१५ सप्टेंबर

रोशन बाबू,

गोळीची काळजी करू नोको. सारं बरोबर चालू हाय. आता दुपारची झोप येत नाही, गाडी मी सकाळीच काढतो, संध्याकाळी बी काढतो. सरांनी एक चांगली वस्तू सांगतली, तुह्याच पत्रातून काढलेली. तू दिवाळीले आला का दाखवीन.

हात थोडा कापून राहिला म्हणून अक्षर वाकडं. काल भोपळ्याच्या ढिगाजवळ तुहा आजा बसलेला दिसला. पाहतो तं पोतं होतं. मीच हसली.

प्रीतीले फोनवर काही विचारत जाऊ नोको, तिची परीक्षा हाय.

आई


नागपूर
२५ सप्टेंबर

दादा,

परवा फोनवर तू इतका ओरडत होतास की मला काही सांगताच आलं नाही. म्हणून लिहिते. आई आता बरी आहे हे आधी वाच, मग पुढचं.

रविवारी सकाळी अकराची गोष्ट. आई गाडीवर वांगी तोलत होती, मी बाजूला होते. तराजू हातातून सुटला. मला वाटलं कळ आली. पण ती खाली पडली आणि हातपाय झटके मारायला लागले. दात घट्ट. वांगी रस्त्यावर घरंगळत होती आणि एक स्कूटीवाला हॉर्न वाजवत होता, बाजूला घ्या म्हणून. मी त्याच्यावर वांगंच फेकून मारलं. ऑटोवाल्याने सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, गोळ्या कधी बंद केल्या? मी म्हटलं, बंद नाही केल्या. बाबा म्हणाले, रोज घेते, मी रोज विचारतो. त्यांनी आईच्या डोळ्यांत पाहिलं आणि आईने एक बोट वर केलं, मग दोन. म्हणजे आधी दुपारची सोडली, मग संध्याकाळची, आणि शुक्रवारपासून सगळ्याच. घरी येऊन पाहिलं तर न फोडलेले पत्ते तांदळाच्या डब्यात होते.

बाबा विचारायचे, घरची वस्तू घेतली का? आणि आई 'हं' म्हणायची. खोटं नव्हतं ते तिच्या लेखी. ती पावडर घेत होती.

दादा, पावडर मधुकरराव सरांची. डब्यावर लिहिलंय, शुद्ध गाबा, ग्लायसिन, वेदनामुक्तीसाठी. सरांनी तुझं पत्र लॅमिनेशन करून घेतलंय. 'घरचीच वस्तू हाय' याच्याखाली लाल रेघ मारली आहे. दर रविवारी ते हातात धरून सांगतात, आपल्याच वस्तीतला मुलगा, औषधाच्या कंपनीत आहे, त्याने स्वतः लिहिलंय. गोळी ही गाबाची बहीण, मग बहीण कशाला, आम्ही खुद्द भाऊच देतो ना! झोप नाही, केमिकल नाही. बाया हसतात आणि डबे घेतात.

आईने मला शपथ घातली होती तुला पावडरचं सांगू नको म्हणून. तिला तुला दाखवायचं होतं की तुझ्या पत्राने ती बरी झाली. गोळ्या सोडल्याचं मला खरंच माहीत नव्हतं. पण मला दिसायला पाहिजे होतं. हात कापत होता, झोपत नव्हती, पोत्याशी बोलत होती. मी परीक्षेचं पुस्तक वाचत होते.

आता गोळ्या परत सुरू केल्या आहेत. कळ पहिल्यापेक्षा वाईट आली आहे. दोन दिवस पाणीसुद्धा चमच्याने. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उतरेल, पण यापुढे एक गोळीसुद्धा मनाने सोडायची नाही.

तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस.

प्रीती


बद्दी
रविवार, ६ ऑक्टोबर

मधुकरराव सर,

जय भीम. हा शब्द तुमच्यासाठी नाही लिहिला, माह्या आईनं पत्र असंच सुरू करायले शिकवलं म्हणून लिहिला.

मी रोशन. दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या बाकावरचा. तुम्ही माह्या आईले फिट आणली. हे मी नाही, डॉक्टरीणबाईच्या कागदावर हाय, का औषध अचानक बंद केल्यानं झटके आले. तुम्ही म्हणान मी बंद करा म्हटलं नाही. तुम्ही तसं कधीच म्हणत नाही. शाळेत बी तुम्ही मले शाळा सोड म्हटलं नव्हतं.

मी सुटी मागतली. विक्की म्हणे, फिट आली ना, मेली तं नाही ना? त्या दिवशी मी त्याची कॉलर पकडली, तीन दिवस बिनपगारी खोलीवर बसलो. चौथ्या दिवशी लॅबच्या दारात जाऊन उभा राहिलो. गेल्या वेळी हूटर वाजला म्हणून मी अर्धं ऐकून पळालो होतो. या वेळी हूटर वाजला, लोक गेले, मी हाललो नाही. कामिनी मॅडमले म्हटलं, गेटचं सांगा. त्याहिनं सांगतलं. आता तुम्ही ऐका.

आमच्या कंपनीत गोळ्या बनतात तिथं कोणी असाच जाऊ शकत नाही. बाहेर चेंज रूम हाय. चप्पल काढा, गाऊन घाला, टोपी घाला, मंग दार उघडते. मालकाचा पोरगा बी घरच्या कपड्यात आला तं गेटवर उभा राहते. मेंदूले बी असंच गेट हाय. रक्तात जे काही फिरते ते सारं मेंदूत जाऊ शकत नाही. जात असतं तं आपण जेवलो का डोकं फिरलं असतं. तुमचा खुद्द गाबा, डब्यातला, शुद्ध, तो पोटातच अर्धा सरते अन् उरला सुरला या गेटवर येऊन उभा राहते. आत जवळजवळ जातच नाही. मेंदूत जो गाबा हाय तो मेंदू आपल्या जागेवरच बनवते, बाहेरून मागवत नाही.

मंग गोळी कशी जाते? गोळी म्हणजे गाबाच, पण त्याले शास्त्रज्ञाइनं एक कडी जोडली हाय, क्लोरीनवाली. त्या कडीमुळं तो मोठ्या अमिनो ॲसिडसारखा दिसते, अन् त्याहिचं जे दुसरं दार हाय त्यातून आत घुसते. तो गाऊन हाय सर. तेवढ्या एका गाऊनसाठी कंपन्या चालतात, डॉक्टर शिकतात. अन् तुम्ही म्हणता बहीण कशाला, भाऊ देतो. भाऊ गेटवर बोंबलत उभा हाय अन् आतमधी माह्या आईची नस जळून राहिली.

आणखी एक. बटनावर रोज हात असला का नस त्या हाताच्या भरवशावर राहते. एकाएकी हात काढला तं सारी मशीन एकदम सुटते. म्हणून हळूहळू, डॉक्टरले विचारून कमी करा लागते. हे बी मले माहीत नव्हतं. तुम्हाले बी नव्हतं. पण मी आईले 'मनानं काही करू नोको' लिहिलं, अन् तुम्ही डबा देल्ला.

आता माहं सांगतो. 'घरचीच वस्तू हाय' हे मीच लिहिलं. माह्याच अक्षरात हाय. गेटचं ऐकलं नाही तरी सारं समजल्यासारखं लिहिलं. तुम्ही शाबासकी देल्ली तं फुगलो, काहून पत्र पाहिजे हे विचारलं नाही. उलट म्हटलं, लोकाइले वाचू द्या. आईच्या फिटमधी माहा वाटा हाय, तो मी कोणाले देणार नाही. तुम्ही तुमचा घ्या.

तीन गोष्टी करा. माहं ते पत्र आईले परत द्या. हे पत्र मिटिंगमधी वाचा, सारं, मधातलं गाळू नका. अन् ज्या ज्या बाईनं तुमचा डबा नेला, तिच्या घरी जाऊन विचारा, कोणती गोळी सोडली.

तुम्ही म्हणाले होते, माह्या डोक्याचं दार आतून बंद हाय. तुम्ही शिकवाचे तवा मी आतमधी नव्हतोच सर. खिडकीतून बाहेर पाहत होतो. एवढंच होतं ते.

याचीच एक नक्कल आईले पाठवून राहिलो. तुम्ही नाही वाचलं तं तिच्याजवळ राहीन.

रोशन


नागपूर
१५ ऑक्टोबर २०२४

चि. रोशन यास,

तुझे पत्र मिळाले. वडीलधाऱ्या माणसास कोणत्या भाषेत लिहावे हे तुला अद्याप उमगलेले नाही, याचे वाईट वाटले.

बायजाबाईंना झालेल्या त्रासाबद्दल मला खेद आहे. मात्र मी कोणालाही औषध बंद करण्यास सांगितलेले नाही. 'हळूहळू गरज उरणार नाही' इतकेच माझे शब्द होते. शिवाय मी जे वाचून दाखवले ते तुझेच वाक्य होते. त्यात मी एका अक्षराचीही भर घातली नाही.

मला यात स्वार्थ आहे असे तू समजतोस. मी स्वतः ही पावडर घेतो. माझी पत्नी गुडघ्यांसाठी घेते. तिला बरे वाटते. एखाद्या गोष्टीने आपल्या माणसाला बरे वाटत असेल तर ती चार लोकांना सांगावीशी वाटते, तुलाही तेच वाटले होते.

सभेत वैयक्तिक पत्रे वाचण्याची पद्धत नाही, सबब तुझे दुसरे पत्र वाचता येणार नाही.

पत्रात बऱ्याच चुका होत्या. तपासून सोबत परत पाठवत आहे. 'शास्त्रज्ञ' हा शब्द मात्र तू बरोबर लिहिला आहेस.

मधुकरराव


नागपूर
२८ ऑक्टोबर

रोशन बाबू, जय भीम.

अक्षर पाहून घे. सरळ हाय ना? हात कापणं थांबलं. गोळी तीन वेळा घेतो, प्रीती समोर उभी राहते, जीभ काढून दाखवा लागते. झोपेचं डॉक्टरीणबाईले सांगतलं. त्याहिनं दुपारची थोडी कमी केली, रात्रीची थोडी वाढवली. एवढंच होतं. दोन शब्द बोलले असते तं झालं असतं, पण तवा बोलणंच होत नव्हतं, अन् लिहून द्यायची मले लाज वाटली.

सरांनी लाल पेनानं तपासलेलं तुहं पत्र तू प्रीतीले फोटो काढून पाठवलं, ते तिनं मले दाखवलं. फिट आली तवा मले राग नव्हता आला. ते लाल पेन पाहून आला. माह्या पोरानं एवढ्या दुरून काळीज काढून पाठवलं अन् हा माणूस त्याच्यावर वेलांटी देते?

काल रविवारी गाडी नाही काढली. हॉलवर गेली. सर टेबलाजवळ उभे होते, डब्यांची रांग लावलेली, हातात तुहं जुनं पत्र, प्लास्टिकमधी चमकणारं. मले पाहून म्हणाले, या या बायजाबाई, बसा. मी बसली नाही. पुढं गेली अन् पिशवीतून तुहं दुसरं पत्र काढलं. माह्याजवळची नक्कल. बाया हसून राहिल्या, का ही तं बोलत नाही, हिच्या हातात कागद कशाला.

मी वाचायले लागली.

तीन महिन्यानंतर मोठ्यानं बोलली बाबू. आवाज पहिले घोगरा निघाला, मंग निघाला तसाच, मेथी-पालकवाला. तू विक्कीची कॉलर धरली ते मी गाळलं, बाकी सारं वाचलं. चेंज रूम आली, गाऊन आला. 'गेट' म्हणताना कळ आली. डाव्या गालातून डोळ्यापर्यंत, पांढरं झालं सारं. मी खुर्चीची पाठ पकडली अन् उभी राहिली. सर म्हणाले, त्रास होतो आहे तुम्हाला, बसा, मी सांगतो पुढचं. मी एक बोट वर केलं. थांबा. कळ गेली. मी 'गेट'पासून परत सुरू केलं.

'एकाएकी हात काढला तं' एवढं वाचलं तं मागून एक बाई उठली. पहिले कधी पाहिली नाही. म्हणे, ताई, ते परत वाचा. मी परत वाचलं. तिनं पर्समधून फोन काढला अन् तिथूनच घरी लावला. 'अगं, बाबांची फिटची गोळी दे आधी. हो, आत्ताच्या आत्ता. नाही, पावडर नको.' असं ओरडली अन् डबा टेबलावर तसाच ठेवून पळाली.

मंग दुसरी उठली. मंग सरांची बायको उठली. ती पहिल्या रांगेतच बसली होती. गुडघा धरत धरत टेबलाजवळ आली अन् एक एक डबा खोक्यात भरायले लागली. सर म्हणाले, काय करतेस? ती काहीच बोलली नाही. तिचा तं जबडा बी दुखत नव्हता.

सरांनी तुहं पत्र माह्या हातात देल्लं. मी म्हटलं, सर, पोरगा खिडकीतून बाहेर पाहत होता, तवा तुम्ही एकदा विचारलं असतं काय दिसून राहिलं, तं बरं झालं असतं.

ते जुनं पत्र या पाकिटात टाकलं हाय. अपुरं हाय ते, पुरं कर. प्लास्टिकवर पेन चालत नाही, प्रीतीनं पाहिलं, म्हणून नव्या कागदावर लिही. गेटची गोष्ट पहिले लिही, बाकी मंग. मॅडमले दाखवून लिही. मी ते मनीषनगरात गाडीवर लावतो, भेंडीच्या वर, जिथं भाव लिहितो तिथं. ज्याले वाचता येत नाही त्याले मी वाचून दाखवीन.

कळ अजून येते. दिवसाले चार-पाचदा येते, पहिले मोजता येत नव्हती. तू स्वतःले वाटा घेऊन बसला हाय, तो मी पाहिला. ठेव थोडा, साराच फेकू नोको, अंगाले कामी येते. पण जेवण सोडलं असन तं मार खाशील.

या रविवारी फोन कर. मी बोलीन. तू नुसतं हं म्हण.

तुही आई